साहेबांच्या पाठीवरचा स्टिकर

ती. आत्या,

सादर नमस्कार. मुलींचाही. (धाकटीचा अर्धाच समजावा, ती मध्येच उठून गेली.)

प्रयोगशाळेत काही बिघडले की आम्ही आधी घडले ते ओळीने लिहितो आणि मग कारणांकडे वळतो. इथेही तसेच करते, म्हणजे तुम्ही पत्र मध्येच बाजूला ठेवलेत तरी मुख्य गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेली असेल.

१. मंगळवारी सकाळी शिक्षण खात्याचे तपासनीस आमच्या घरी आले. मुली घरी शिकतात म्हणजे नेमके काय करतात, हे त्यांना पाहायचे होते.

२. त्यांनी थोरलीला (वय सात) चार प्रश्न विचारले. तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना चालली नाहीत. चौथ्याला उत्तर मिळाले नाही.

३. धाकटीने (वय चार) त्यांच्या पाठीवर लाल स्टिकर लावला. त्यावर ‘वापरू नये’ असे छापलेले आहे.

४. हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही. ते तसेच कार्यालयात गेले आणि दिवसभर काम केले.

५. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते पुन्हा येणार आहेत. त्या भेटीत त्यांचे समाधान झाले नाही, तर थोरलीला परत शाळेत पाठवावे लागेल.

६. कुणालाही दुखापत नाही.

तुमची तब्येत कशी आहे, हे खरे तर आधी विचारायला हवे होते. गुडघा जिन्यावरच दुखतो की सपाटीवरही, आणि सकाळी जास्त दुखतो की चालून आल्यावर, हे कळवावे. नुसते ‘बरा आहे’ यावरून काही समजत नाही. रक्तदाबाचे विचारत नाही. मागच्या भेटीत मी तुमचे यंत्र तपासले आणि ते चार अंकांनी जास्त दाखवते असे सांगितले, तेव्हा तुम्ही ते गुंडाळून कपाटात ठेवलेत आणि मी निघेपर्यंत माझ्याशी फक्त ‘दूध उतू जातंय’ एवढेच बोललात. मी आनंदाची बातमी म्हणून सांगितले होते. बाबांचे म्हणणे असे की, इतकी वर्षे नेमाने सांभाळलेला आजार कुणी एकाच दुपारी काढून नेला तर माणसाला लागणारच. लागले असेल तर मी दिलगीर आहे. यंत्र मात्र चार जास्तच दाखवते.

आपला अबोला त्या यंत्रामुळे आहे की थोरलीची शाळा सोडवली त्यामुळे, हे मला अजून वेगळे काढता आलेले नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. (तुम्ही माझे फोन घेत नाही, म्हणून हे पत्र.) तुम्ही सगळी नोकरी शाळेत केलीत, शेवटी मुख्याध्यापक झालात, तेव्हा शाळेबद्दल मी तुम्हाला काही सांगावे असे नाही. पण त्या शाळेत जे झाले ते तुम्ही बाबांकडून ऐकलेत, आणि बाबा कुठलीही गोष्ट सांगता सांगता अर्ध्यावर चष्मा शोधायला उठतात. थोरली वर्षभर शाळेत गेली आणि वर्षभरात तिथे एक शब्द बोलली नाही. घरी ती अखंड बोलते. आंघोळ करताना बोलते, दात घासताना बोलते, झोपेत तर स्पष्ट बोलते. शाळेचे फाटक आले की तिचे तोंड मिटायचे आणि सुटल्यावर त्याच फाटकाबाहेर उघडायचे. वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मुलगी हुशार असेलही हो, पण ते आम्हाला कळायला तिनं तोंड तर उघडलं पाहिजे.” मग तिला मागच्या बाकावर बसवले, नंतर दाराशी. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर सगळा वर्ग वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेला आणि ही खालीच राहिली. कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण ती नसतानाही वर्गात आवाज तेवढाच होता. मी न्यायला गेले तेव्हा ती रिकाम्या वर्गात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवशी तिला आणले, ते परत पाठवले नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, “गप्प बसणाऱ्या पोरीला घरात कोंडलंस तर ती बोलायला शिकणार कुणाशी, भिंतीशी?” त्यावर मी तुम्हाला ती घरात दर तासाला किती शब्द बोलते याचा तक्ता पाठवला. तक्ता बरोबर होता. त्याला उत्तर आले नाही.

आता घरातल्या शाळेबद्दल. माझे काम तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही लोकांना ‘काट्यांचं काहीतरी करते’ असे सांगता, म्हणून एकदा लिहून ठेवते. वजनकाटे, थर्मामीटर, दाबमापक आमच्याकडे येतात. ते खरे दाखवतात की खोटे, हे आम्ही तपासतो आणि त्यावर स्टिकर लावतो. हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे जपून वापरा, लाल म्हणजे वापरू नये. छपाई चुकलेल्या स्टिकरची रिळे प्रयोगशाळेने टाकून दिली ती मी घरी आणली, कारण मुलींना शिकवायला साधने लागतात आणि दुकानातली साधने मला पटली नाहीत. (एका खोक्यात प्लॅस्टिकची वजने होती. त्यांवर आकडे छापलेले होते. मी ती काट्यावर ठेवली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.) तेव्हा आमच्याकडे कपडे टांगायच्या हँगरचा तराजू आहे, मीठ पसरलेला ट्रे आहे ज्यात धाकटी बोटाने अक्षरे काढते, भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा आहे, घराचा मापाने काढलेला नकाशा आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत थर्मामीटर आहे. थर्मामीटर वाचायचा नियम मुलींना पाठ आहे: हातभर लांब उभे राहायचे, त्यावर श्वास सोडायचा नाही. जवळ उभे राहिले की आपल्या अंगाची ऊब त्याला लागते, आणि मग तो खोलीचे सांगत नाही, आपलेच सांगतो. आकडा सांगताना तो कशाचा ते सांगायचे. एकदा मोजून बोलायचे नाही, तीनदा मोजायचे. आणि स्वतः न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगायची नाही. हे नियम मी केले तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर आता स्टिकर आहे. बाथरूमच्या नळावर पिवळा आहे. माझ्या केसांच्या ब्रशवर लाल आहे आणि त्याचे कारण विचारले तर थोरली ते सविस्तर सांगते. मुलींचे बाबा जहाजावरून फोन करतात तेव्हा विचारतात, “मी आलो की मला कुठला लावणार?” त्यावर धाकटी म्हणते, आधी तपासावं लागेल. आठवड्यातले दोन दिवस मी कामावर जाते तेव्हा मुली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे बसतात. तिथे थोरलीने बाईंची कापडी टेप माझ्या पोलादी पट्टीला लावून पाहिली आणि ती पाऊण सेंटिमीटर ताणली गेल्याचे जाहीर केले. बाईंनी हातातले काम खाली ठेवले. म्हणाल्या, “तरीच माझे ब्लाउज कधी कुणाला घट्ट होत नाहीत.” टेप त्यांनी बदलली नाही, लाल स्टिकर लावलेल्या त्याच टेपने मापे घेतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात की ही खास टेप आहे. थोरली त्यांच्याशी दुपारभर बोलते. हे मी तक्त्यात घातले नव्हते, कारण मोजायला मी तिथे नसते.

खात्याचा अर्ज शाळांसाठी छापलेला आहे. ज्या घरांत मुले शिकतात त्यांच्यासाठी वेगळा नाही, तेव्हा आहे तोच भरायचा असतो. मी खरा भरला. घंटा: आहे (दाराची). क्रीडांगण: जिन्याचा मधला टप्पा. पटसंख्या: दोन, पैकी एक दुपारी झोपते. मुख्याध्यापक आणि शिपाई या दोन्ही रकान्यांत माझेच नाव आले. ‘शिक्षकांतील आपसातील संबंध’ या रकान्यात मी ‘ताणलेले’ असे लिहिले होते, मग खोडले. अर्ज भरल्यावर तीन आठवड्यांनी साहेब आले.

साहेब उंच, वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ आहेत. जिना चढून आल्यावर दारात उभे राहून त्यांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तोच रुमाल कपाळाला लावला. मला ते नावडले असते तर सोपे झाले असते. ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले, चहाला नको म्हणाले, मग घेतला, आणि थोरलीला विचारले, “सांग बघू, सात आणि पाच किती?”

थोरलीने विचारले, “सात काय?”

“काहीही गं.”

“काहीही असेल तर सांगता येत नाही. सात चमचे आणि पाच तास असले तर मिळवता येत नाहीत.”

“बरं. सात पेन्सिली आणि पाच पेन्सिली.”

“कुणी मोजल्या?”

“मी.”

“एकदाच?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी चहाच्या कपाकडे पाहिले. मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून एक उतारा वाचायला दिला. तो तिने न अडखळता वाचला. आपल्या घरात कुणीही अनोळखी माणसासमोर इतके चांगले वाचलेले नाही. त्यात एका राजाचा मोठा महाल होता. साहेबांनी विचारले, महाल कसा होता? त्यांना ‘मोठा’ हवे होते. ती म्हणाली, “सांगता येत नाही. लिहिणाऱ्यानं मोजलेला नाही.” साहेबांनी काहीतरी लिहून घेतले. तिसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी मनगट पुढे केले आणि घड्याळात किती वाजले ते विचारले. तिने बरोबर सांगितले, आणि नंतर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली की हे तुमच्या घड्याळात वाजले आहेत, खरे वाजायला अजून चार मिनिटे आहेत.

“लग्नातलं घड्याळ आहे हे,” साहेब म्हणाले. “एवढ्या वर्षांत कधी तक्रार नाही.”

“तपासलं कुणी?” थोरलीने विचारले. साहेबांनी बाही खाली ओढली. याच वेळी धाकटी टेबलाखालून निघून आतल्या खोलीत गेली. मला वाटले, कंटाळली.

चौथा प्रश्न साहेबांनी पुस्तक पिशवीत घालता घालता विचारला. परीक्षेचा नव्हता तो. लहान मुलांशी बोलायचे म्हणून बोलतात तसा होता. “घरी शिकायला आवडतं का गं तुला?”

थोरलीने माझ्याकडे पाहिले आणि तिचे तोंड मिटले. फाटकापाशी मिटायचे तसे. मी टेबलाच्या तिच्याच बाजूला उभी होते. मी चेहऱ्यावर काही येऊ दिले नाही. ते मला जमते. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा विचारले, मग पुन्हा नाही विचारले. नळ गळत होता (पिवळा). आमच्या घरात ती गप्प बसल्याचे मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

निघताना साहेब दारात बुटाची नाडी बांधायला वाकले, तेव्हा धाकटीने येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवला. “लाघवी आहे हो पोर,” ते म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. घरी कोट काढून ठेवताना त्यांच्या बायकोला स्टिकर दिसला होता. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला काय बोलायचे ते सुचले असते. ते म्हणाले, “बाई, दिवसभर कार्यालयात कुणी एक अक्षर बोललं नाही मला. दोन बैठका झाल्या. मी फळ्याकडे तोंड करून बोललोसुद्धा. आत्ता एकाला फोन करून विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, साहेब, आम्हाला वाटलं वरूनच लावून पाठवलंय.” मग म्हणाले, “निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत माझे.”

अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी त्यांना नियम समजावून सांगितला. आमच्याकडे उपकरण फार लहान असले आणि त्यावर स्टिकर मावत नसला, तर तो त्याच्या पेटीवर लावतात. मुलींना हे माहीत आहे, शिवणाच्या सुया आणि कानातली यांचे आम्ही तसेच केले आहे. थोरलीने घड्याळ नापास केले. धाकटीने पाहिले की मनगटी घड्याळावर स्टिकर मावणार नाही. घड्याळ ज्यात ठेवलेले आहे ती वस्तू तिने शोधली आणि त्या वस्तूवर सर्वांत सपाट जागा जिथे होती तिथे तो लावला. तिची सहीसुद्धा आहे (पाय असलेले वर्तुळ). नियमाप्रमाणे पाहिले तर तिची चूक सापडत नाही.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे बिघडलंय ते घड्याळ.”

मी हो म्हटले.

“मी नाही.”

“नाही. तुम्ही फक्त पेटी.”

माझ्या मते हे ऐकून त्यांना बरे वाटायला हवे होते. मुलींचे बाबा मात्र हे ऐकून फोनवर इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि मग म्हणाले, “तू माणसाला पेटी म्हणालीस?” मी म्हटले, संदर्भात.

शेवटी साहेब कामाचे बोलले. “स्टिकरचं मी लिहिणार नाही. गणिताचंही कसंतरी बसवीन. मुलगी चुकली नाही, एवढं मलाही कळतं. पण शेवटी ती गप्प झाली ना, ते मी कुठं बसवू? शाळेत बोलत नाही म्हणून तुम्ही तिला घरी आणलंत. आता ती घरात, आईसमोर गप्प झाली. माझ्या जागी तुम्ही काय लिहाल, बाई?” मी माझ्या कामात रोज असल्या गोष्टी लिहिते. मी काय लिहिले असते ते मला लगेच कळले. मी त्यांना ते सांगितले नाही. पुन्हा एकदा भेट द्या, एवढेच म्हटले, आणि त्यांनी ते मान्य केले.

हे सगळे तुम्हाला केवळ माहितीसाठी कळवते आहे. बाबांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, दुसरे काही नाही. मला काही नको आहे. गुडघ्याचे कळवावे. थंडी वाढते आहे, तेव्हा सकाळी अनवाणी फिरू नये.

तुमची,
भाची

ता. क. काही नको, असे वर लिहिले ते पुरते खरे नाही. साहेबांनी फोन ठेवताना विचारले होते की, शिकवण्याची पदवी असलेले कुणी तुमच्या घरात आहे का. असे माणूस त्या दिवशी शेजारी बसले तर त्यांना लिहायला सोपे जाईल. आपल्या घरात अशा तुम्ही एकट्याच आहात. मी त्यांना ‘आहे’ म्हणून सांगितले आहे. त्या सोमवारी तुम्ही याल का? आमचा जिना तीन मजल्यांचा आहे, पण मधल्या टप्प्यावर खुर्ची ठेवता येते (क्रीडांगण).

ता. क. दोन. वरचे कारणही खरे आहे, पण तेवढेच नाही. काल केस विंचरताना मी थोरलीला विचारले, साहेबांनी विचारलं तेव्हा तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तू फार जवळ उभी होतीस.” मी म्हटले, बरं, मग आता सांग. ती म्हणाली, “आता तर आणखी जवळ आहेस.” मी वेणी पुरी केली. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. नियम माझाच आहे.

म्हणून त्या सोमवारी मी खाली शिंपीणबाईंकडे बसेन आणि वर तुम्ही असाल. तुमच्याशी ती बोलते. मागच्या वेळी तुम्ही यंत्र गुंडाळून कपाटात ठेवलेत, तेव्हा तीच तुमच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली होती आणि तुम्हाला बरे वाटावे म्हणून दूध कितीदा उतू गेले ते सांगत होती. साहेबांनी तो चौथा प्रश्न पुन्हा विचारला नाही, तर तुम्ही विचारा. ती काय म्हणते ते मला जसेच्या तसे सांगा. ‘नाही’ म्हणाली, तर नाही असेच सांगा. मग शाळा कोणती, ते तुम्ही ठरवा. मी तक्ता पाठवणार नाही.

ता. क. तीन. धाकटीने तुमच्यासाठी हिरवा स्टिकर दिला आहे, तो सोबत आहे. रक्तदाबाच्या यंत्रावर लावू नये. ती म्हणाली, आत्याआजीला लाव. मी तिला विचारले, तपासलंस का? ती म्हणाली, “हो.” किती वेळा, ते मी विचारले नाही.

येत्या पंधरा तारखेपर्यंत उत्तर पाठवावे.